नियम होता, कारण लिहिलेलं नव्हतं : फाइलसिस्टीममधल्या ‘पासथ्रू’ची गोष्ट



मागच्या व्याख्यानात आम्ही मीमांसकांच्या विधी आणि अर्थवादाबद्दल बोललो. ‘हे कर’ किंवा ‘हे करू नको’ असं सांगणारं वाक्य म्हणजे विधी-निषेध, आणि ते का करावं हे समजावणारं, त्याचं महत्त्व सांगणारं वाक्य म्हणजे अर्थवाद. मीमांसकांनी अर्थवादाला स्वतंत्र अधिकार दिला नाही, विधीच्या आधारानेच त्याला अर्थ, असं मानलं. तेव्हा मागच्या रांगेतून एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, ‘याचा आज काय उपयोग?’ त्या दिवशी आम्हाला बरं उत्तर देता आलं नाही. आज देऊन पाहतो, पण जरा आडवाटेने. वाट संगणकाची आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, संगणक नाही. तेव्हा चूक झाली तर जाणकारांनी शेवटी हात वर करावा.

निमित्त असं झालं. चिखलीकडचा आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या साठवणुकीचं काम करतो. २०२४च्या दिवाळीत भेटायला आला. फराळ करता करता म्हणाला, ‘सर, एक गंमत सांगतो. लिनक्समध्ये एक नवी सोय आली आहे. मी साधा वापरकर्ता म्हणून वापरायला गेलो की मशीन म्हणतं, परवानगी नाही. रूट म्हणून गेलो की चालतं. पण साध्या माणसाला का नाही, हे कागदपत्रांत कुठंच नाही.’ आम्ही म्हणालो, अरे, हे तर आमच्या महाविद्यालयाचं वर्णन झालं. तो हसला, पण गोष्ट आमच्या डोक्यात राहिली.

आता ती सोय काय ते समजून घेऊ. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

संगणकावर जी मुख्य व्यवस्था चालते तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. हार्ड डिस्क, मेमरी, कीबोर्ड या सगळ्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे. आपण वापरतो ते प्रोग्रॅम त्याच्या उंबरठ्याबाहेर चालतात. त्या बाहेरच्या जागेला युजरस्पेस म्हणतात. बाहेरच्याला फाइल हवी असेल तर त्याने उंबरठ्यावर येऊन मागायची, आणि कर्नेलने आतून आणून द्यायची. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं तेव्हापासून ही रचना रूढ झाली. फाइली कशा मांडायच्या, कुठल्या नावाने शोधायच्या, कुणाला द्यायच्या आणि कुणाला नाही, ही जी व्यवस्था, ती फाइलसिस्टीम. ती कर्नेलच्या आतच असे.

आत असण्याचा तोटा उघड आहे. आत काही नवं करायचं तर फार जपून करावं लागतं. बाहेरचा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा पडतो. आतला चुकला तर सगळं घर बसतं. म्हणून काही लोकांना वाटलं, फाइलसिस्टीम उंबरठ्याबाहेर का आणू नये? बेल लॅब्जच्याच पुढच्या ‘प्लॅन नाइन’मध्ये आणि ‘ग्नू हर्ड’मध्ये हा विचार मुळापासून होता. लिनक्समध्ये तो आणला हंगेरीच्या मिक्लोस सेरेदी यांनी. त्यांच्या कामाचं नाव ‘फ्यूज’. ऑक्टोबर २००५मध्ये लिनक्सच्या २.६.१४ या आवृत्तीत ते अधिकृतपणे दाखल झालं.

फ्यूजची रीत कळण्यासाठी आपण खामगावला जाऊ. खामगावचा कापूस एकेकाळी एवढा मोठा की १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकला गेला, आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. तर समजा, बाजारात एक अडत्या आहे. गिऱ्हाईक त्याला थेट भेटत नाही. मधे एक हमाल आहे. गिऱ्हाईक हमालाला सांगतं, अमुक गाठ पाहिजे. हमाल अडत्याच्या पेढीवर जातो. अडत्या वही बघतो, या गिऱ्हाइकाला द्यायची की नाही ते ठरवतो. पण गाठ अडत्याकडे नसते, ती असते मोठ्या गोदामात. आणि गोदामाची किल्लीही हमालाकडेच! मग अडत्या त्याच हमालाला गोदामात पाठवतो. हमाल गाठ आणून पेढीवर उतरवतो. अडत्या तिला हात लावतो आणि म्हणतो, आता ही गिऱ्हाइकाला नेऊन दे. हमाल पुन्हा उचलतो.

हमाल म्हणजे कर्नेल, अडत्या म्हणजे बाहेर चालणारा फ्यूजचा प्रोग्रॅम, आणि गोदाम म्हणजे डिस्कवरची खरी फाइलसिस्टीम. प्रत्येक गाठीमागे हा हेलपाटा. अडत्या गाठीत काही फेरफार करत असेल, म्हणजे ती उलगडून, साफ करून, वेगळी बांधून देत असेल, तर हेलपाटा सार्थ आहे. पण पुष्कळदा तो गाठ जशीच्या तशी पुढे देतो. तेव्हा ही निव्वळ ओझेवाही.

लिनस टोरवाल्ड्स, म्हणजे ज्यांनी लिनक्स लिहायला घेतलं ते गृहस्थ, २०११मध्ये बोलून गेले की बाहेरच्या फाइलसिस्टीम म्हणजे खेळणी आहेत, त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा करणारे चुकतात. हे जरा जास्तच झालं असं आमचं मत. कारण तोवर विंडोजच्या डिस्क लिनक्सवर वाचणारं ‘एनटीएफएस-थ्रीजी’ हे फ्यूजवरच चाललं होतं आणि लोक त्यावर खरी कामं करत होते. पण वेगाबद्दलची त्यांची तक्रार खोटी नव्हती. २०१७मध्ये भरत कुमार रेड्डी वांगूर, वासिली तारासोव आणि एरेझ झाडोक यांनी मोजमाप करून निबंध मांडला. निष्कर्ष मजेदार आहे. काही कामांत फ्यूजमुळे पडणारा फरक जाणवतसुद्धा नाही. काही कामांत, सगळी डागडुजी करूनही, वेग ८३ टक्क्यांपर्यंत घटतो.

तुम्ही म्हणाल, आम्हाला याचं काय? तुमच्या प्रत्येकाच्या खिशात याचं उदाहरण आहे. अँड्रॉइड फोनमध्ये आपले फोटो, व्हिडिओ ज्या सामायिक जागेत असतात, तिथे आवृत्ती ११पासून फ्यूज बसलेलं आहे. तिथला अडत्या म्हणजे ‘मीडिया प्रोव्हायडर’ नावाचा प्रोग्रॅम. एखाद्या अॅपला तुमचा फोटो हवा असेल तर तो आधी वही बघतो. तुम्ही लोणारच्या सरोवराकाठी फोटो काढला, तर फोटोच्या पोटात ती जागाही नोंदलेली असू शकते. ज्या अॅपला ती कळण्याची परवानगी नाही त्याला फोटो देताना हा अडत्या ती नोंद झाकून देतो. म्हणजे इथे तो खरोखर गाठ उलगडतो. पण लग्नाचा दोन तासांचा व्हिडिओ बघताना उलगडण्यासारखं काही नसतं. तिथे हेलपाटा वाचवला पाहिजे.

तो वाचवण्याची युक्ती म्हणजे पासथ्रू. अडत्याने फक्त सौदा करायचा. फाइल उघडताना तो एकदा हमालाला सांगतो, ‘या गिऱ्हाइकाचा माल गोदामातल्या त्या खणात आहे, यापुढे थेट तिथून दे.’ हमाल त्या खणाला एक क्रमांक देतो, आणि मग वाचणं-लिहिणं सरळ. नाव बदलणं, नवी फाइल करणं, परवानगी विचारणं ही कामं अजून पेढीवरच होतात. फक्त ओझं पेढीवर उतरत नाही.

सुचायला सोपी, पण ही युक्ती घरात यायला आठ-नऊ वर्षं लागली. २०१५-१६च्या सुमारास क्वालकॉमच्या निखिलेश रेड्डींनी पहिला प्रयत्न केला, तो मुख्य लिनक्समध्ये गेला नाही. २०२०-२१मध्ये गूगलच्या अलेस्सिओ बालसिनींनी पुन्हा मांडला. तो अँड्रॉइड १२च्या कर्नेलमध्ये बसला, मुख्य लिनक्समध्ये तेव्हाही नाही. शेवटी अमीर गोल्डस्टीन यांनी २०२३पासून नव्याने बांधणी केली आणि मे २०२४मध्ये ६.९ या आवृत्तीत पासथ्रू रीतसर आलं. आमच्या विद्यार्थ्याला दिवाळीत भेटलं ते हेच.

आणि त्याबरोबर ती अट. पासथ्रू वापरायचा तर त्या प्रोग्रॅमकडे व्यवस्थापकाचा अधिकार हवा. त्याला तिथे ‘कॅप-सिस-अॅडमिन’ म्हणतात. नाही? मग परवानगी नाही. कोरडा निषेध.

आता एक गोष्ट नीट बघा, कारण इथे इतिहासकाराला खरं काम आहे. सेरेदींनी २००५मध्ये फ्यूजबरोबर एक कागद जोडला होता. त्यात त्यांनी हाच प्रश्न घेतला होता : साध्या माणसाला फाइलसिस्टीम जोडू दिली तर कोणते धोके? त्यांनी तीन मांडले. त्याने या वाटेने जास्तीचे अधिकार मिळवू नयेत. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमची माहिती चोरू नये. आणि दुसऱ्यांच्या प्रोग्रॅमना भलतंसलतं करायला लावू नये. मग प्रत्येक धोका कसा टाळला आहे ते एकेक करून सांगितलं. एकाने जोडलेली फाइलसिस्टीम सहसा दुसऱ्या वापरकर्त्याला उघडता येत नाही, तर का येत नाही, हे तिथे वाचायला मिळतं. आम्ही तो मजकूर विद्यार्थ्याकडून समजावून घेतला तेव्हा आम्हाला न्यायसूत्रांची आठवण झाली. आधी शंका, मग हेतू, मग निर्णय. तांत्रिक कागद इतका चांगला असू शकतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

एकोणीस वर्षांनी त्याच घरात पासथ्रू आलं, आणि त्याच्याबरोबर असा कागद आला नाही. कोडमध्ये त्या निषेधाच्या डोक्यावर एका ओळीची टीप तेवढी होती. तिचा आशय असा, की आतल्या फाइली ‘एलएसओएफ’ला दिसू लागल्या की ही अट सैल करायची आहे. बाकीची चर्चा कर्नेल लिहिणाऱ्यांच्या आपसांतल्या पत्रव्यवहारात विखुरलेली. ज्यांनी अट घातली त्यांना कारण पाठ होतं. त्यांना ते लिहिण्याची गरज कशाला वाटेल?

इथे आम्ही आमची एक फजिती सांगतो. आम्ही ज्या एका महाविद्यालयात होतो, तिथे काही वर्षं ग्रंथालय समितीचं काम आमच्याकडे होतं. ग्रंथालयाला मागे एक खोली, तिच्यात जुन्या मासिकांचे बांधीव खंड. नियम असा की मृगापासून दिवाळीपर्यंत त्या खोलीतलं काही द्यायचं नाही. मुलं कुरकुरायची. आम्ही विचारलं, का? कुणाला माहीत नाही. जुन्या ग्रंथपालांच्या वेळेपासून आहे, एवढंच. आम्ही तर्कशास्त्र शिकवणारे. ज्याला कारण नाही तो नियम नाही, असं म्हणून आम्ही एका सहीने तो रद्द केला. टाळ्याही मिळाल्या. त्या वर्षी पावसाळाभर ती खोली उघड-बंद होत राहिली. श्रावणात एके दिवशी आत गेलो तर खालचे दोन खण भिजून फुगलेले. मासिकांची पानं एकमेकांना अशी चिकटली होती की सुटी करताना अक्षरंच निघून येत. गच्चीचं पाणी त्या दाराच्या चौकटीवरून उतरायचं. दार बंद असलं की बाहेरच्या बाजूने वाहून जायचं, उघडं राहिलं की सरळ आत. निवृत्त शिपाईमामा नंतर भेटले. त्यांना सगळं ठाऊक होतं. आम्ही जरा रागानेच विचारलं, मग सांगितलं का नाही? म्हणाले, ‘मले कोनी इचारलंच नाई, सर.’

ज्याचं कारण सापडत नाही त्याला कारणच नाही, असं आम्ही धरून चाललो. हा हेत्वाभास आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो.

तर पासथ्रूची अट अशीच कुणी ‘उगाच आहे’ म्हणून काढली असती तर काय झालं असतं? दोन गोष्टी.

पहिली हिशेबाची. एखाद्या प्रोग्रॅमने किती फाइली उघड्या ठेवल्या आहेत याची कर्नेल नोंद ठेवतं, आणि त्यावर मर्यादाही असते. ‘एलएसओएफ’ ही आज्ञा दिली की कुणाच्या हातात काय उघडं आहे ते व्यवस्थापकाला दिसतं. पासथ्रूमध्ये अडत्या गोदामातला खण हमालाच्या नावे नोंदवतो, आणि त्यानंतर स्वतःच्या वहीतून ती ओळ खोडू शकतो. खण मात्र उघडाच. आता व्यवस्थापक अडत्याची वही बघतो, तिथे काही नाही. गोदामात माल अडकलेला, आणि कुणाचा ते समजत नाही. साध्या माणसाला हे करू दिलं तर तो मर्यादेला वळसा घालून हव्या तेवढ्या फाइली अशा लपवून धरू शकेल. डिस्क भरली, पण भरली कुणी?

दुसरी गोष्ट फेऱ्याची. पतसंस्थेत काम केलेल्यांना ती चटकन कळेल. अ हा ब ला जामीन, आणि ब हा अ ला जामीन. दोघांचं खातं बंद करायला गेलात की प्रत्येकाचं दुसऱ्यात अडकलेलं. एका फ्यूजची फाइल दुसऱ्या फ्यूजमधल्या फाइलीवर टेकलेली, आणि ती दुसरी पुन्हा पहिलीवर, असं झालं तर दोन्ही फाइलसिस्टीम एकमेकींना धरून बसतात. एकीला सोडवायला दुसरी आधी सुटायला हवी. मशीन बंद करायच्या वेळी हे गळ्याशी येतं. म्हणून फाइलसिस्टीमवर फाइलसिस्टीम किती थर रचायची यालाही कर्नेलमध्ये मर्यादा आहे.

कोडमधल्या त्या एका ओळीत पहिलं कारण होतं, तेही अर्धंमुर्धं. दुसरं नव्हतंच. म्हणजे एखाद्या उत्साही माणसाने ‘एलएसओएफ’ला फाइली दिसतील अशी तजवीज केली असती, आणि आमच्यासारखी टाळ्या घेत अट उठवली असती, तर फेऱ्याचा धोका तसाच राहिला असता. टिपेवर भरवसा ठेवूनच तो फसला असता. आम्हाला निदान टीपसुद्धा मिळाली नव्हती, एवढा आमच्या बाजूने बचाव.

२०२५मध्ये ही उणीव भरली गेली. कुणी भरली, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पासथ्रू लिहिणाऱ्यांपैकी नव्हे, तर चीनमधल्या एका कंपनीत काम करणाऱ्या, बाहेरून आलेल्या एका अभियंत्याने. त्यालाही आमच्या विद्यार्थ्यासारखाच प्रश्न पडला होता : ही अट का? त्याने विचारलं, जुना पत्रव्यवहार वाचला, गोल्डस्टीन आणि सेरेदी यांनी वेगवेगळ्या वेळी जे सांगितलं होतं ते एकत्र केलं आणि कागदपत्रांत एक वेगळं पान जोडलं. लिनक्स ६.१६मध्ये ते आलं. पान छोटं आहे. पासथ्रू म्हणजे काय ते थोडक्यात, आणि मग अधिकार का लागतो याची कारणं, त्यांत ही दोन. त्या पानाने कोडची एकही ओळ बदलली नाही, अटही तशीच राहिली.

आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना असा माणूस ओळखीचा वाटायला हवा. चक्रधरस्वामी आपल्या मेहकरला, लोणारला येऊन गेले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या पश्चात म्हाइंभटांनी ऋद्धपूरला नागदेवाचार्यांपाशी बसून, गावोगाव जाऊन, ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. तेराव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. कोणता प्रसंग कुठे घडला, कोण हजर होतं, स्वामी कशावरून काय बोलले, हे त्यात येतं. एकाच प्रसंगाबद्दल आठवणी वेगळ्या असतील तर तो फरकही नोंदलेला सापडतो. आमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की स्वामींची वचनं वेगळी काढून सूत्ररूपाने बांधण्याचं कामही पंथात झालं. पण नुसतं सूत्र वाचलं तर पुष्कळदा कळत नाही. ते कोणत्या प्रसंगी, कुणाच्या कोणत्या प्रश्नावर उच्चारलं गेलं हे लीळेतून समजलं की उलगडतं.

तुलना फार ताणायची नाही. एकीकडे भक्ती आहे, दुसरीकडे फाइली. पण म्हाइंभटांच्या काळी ज्यांना विचारायचं ती माणसं म्हातारी होत होती, ही घाई दोन्हीकडे सारखी आहे. कर्नेल लिहिणारे नोकऱ्या बदलतात, विषय बदलतात. रेड्डींचं आणि बालसिनींचं काम पुढे नेणारे दुसरेच निघाले, हे आपण पाहिलं. २०३५मध्ये त्या निषेधाच्या ओळीपुढे जो बसलेला असेल त्याला यांच्यातलं कोणी भेटेलच असं नाही.

म्हणून मागच्या रांगेतल्या त्या श्रोत्याला आमचं आजचं उत्तर. मीमांसकांनी अर्थवादाला विधीच्या खालची जागा दिली, कारण त्यांच्या मते वेद अपौरुषेय. त्यांचा विधी कुणी माणसाने केलेला नाही, तो कधी बदलायचाही नाही. माणसाने केलेला नियम कधी ना कधी बदलावा लागतो, आणि ते काम बहुधा दुसऱ्याच माणसाच्या वाट्याला येतं. तिथे आम्ही मीमांसकांशी सहमत नाही. पासथ्रूची अट उद्या उठवायची झाली तर उठवणाऱ्याला आता दोन वेगळ्या गोष्टी सोडवाव्या लागतील हे दिसतं : लपलेल्या फाइली दिसल्या पाहिजेत, आणि फेरा तुटला पाहिजे.

विद्यार्थ्याचा परवा फोन आला होता. ते पान त्याने वाचलं, आणि आपला प्रोग्रॅम साध्या वापरकर्त्यासाठी चालवायचा बेत सोडून अधिकार असलेला एक छोटा भाग वेगळा काढला. काम थोडं वाढलं म्हणाला. शिपाईमामा आता नाहीत. ती खोली पाडून तिथे नवी इमारत झाली आहे, आणि भिजलेल्या खंडांपैकी जे वाचले ते कुठे ठेवले आहेत हे आम्ही दोनदा विचारलं. अजून कळलेलं नाही.

प्रश्न असतील तर घेऊ. दुसऱ्या रांगेत कुणीतरी मघाच हात वर केला होता, अडत्याच्या उदाहरणाशी.